परक्याच्या डोळ्यांनी आपला सिनेमा



ठाण्याहून निघालात आणि कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे अशी एकेक गावे मागे टाकत गेलात, की गायमुखाजवळ खाडी अगदी रस्त्याला येऊन भिडते. डाव्या हाताला येऊरचा डोंगर, उजव्या हाताला पाणी, आणि पुढे घोडबंदर. पूर्वी या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आज रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती झाल्या आहेत, मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत, आणि आपण घरोघरी पाहतो त्या मालिकांपैकी कितीतरी मालिकांचे चित्रीकरण याच रस्त्याच्या आसपास चालते.

तुम्ही म्हणाल, सिनेमाबद्दल बोलायला बसलात आणि रस्त्याचे पुराण कशाला? त्याला कारण आहे. घोडबंदर रोड हे नाव पूर्वी याहून लांबवर पसरलेले होते. वांद्र्याहून निघून अंधेरी, गोरेगाव, मालाड करत घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालाही लोक घोडबंदर रोडच म्हणत. आज मुंबईत त्याला स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात. याच रस्त्यावर गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान ही संस्था निघाली. आणि त्याच्याही आधी, १९३४ साली, शेजारच्या मालाडला हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज काढली. त्या मालाडच्या स्टुडिओत काही पाहुणे आले होते. आज मला त्या पाहुण्यांची गोष्ट सांगायची आहे.

पाहुणे होते जर्मनीतल्या म्युनिक शहरचे. फ्रान्झ ऑस्टेन हे दिग्दर्शक आणि योसेफ विर्शिंग हे छायालेखक, म्हणजे कॅमेरा चालवणारे. हे दोघे प्रथम हिंदुस्थानात आले १९२५ मध्ये. हिमांशु राय यांनी बुद्धाच्या चरित्रावर एक मूकपट काढायला घेतला होता, त्यासाठी. तेव्हा विर्शिंग अवघे बावीस वर्षांचे होते. परदेशी पाहुण्याला आपल्या देशात पहिल्यांदा काय दिसते? राजवाडे, हत्ती, साधू, गर्दी. त्या पहिल्या चित्रपटांत हेच पुष्कळ आहे. दुरून डोंगर साजरे, त्यातलीच ही गत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपणही पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा समुद्र आणि दुमजली बसच पाहत बसलो होतो, नाही का?

पण मालाडला ते पुन्हा आले तेव्हा नजर पालटलेली दिसते. १९३६ सालचा ‘अछूत कन्या’ हा त्यांचा चित्रपट पाहा. त्यात हत्ती नाही की राजवाडा नाही. एक खेडे आहे, आगगाडीचे एक फाटक आहे, फाटकवाल्याची अस्पृश्य समाजातली मुलगी कस्तुरी आहे, आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप आहे. दोघे लहानपणापासूनचे सवंगडी. पण वयात आल्यावर गाव मध्ये उभे राहते. पुढे काय झाले ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. गोष्ट लिहिली निरंजन पाल यांनी, संगीत दिले सरस्वतीदेवी यांनी, कामे केली देविकाराणी आणि अशोककुमार यांनी. दिग्दर्शन मात्र म्युनिकच्या ऑस्टेनसाहेबांचे.

आता गंमत पाहा. या साहेबांना हिंदी येत नव्हते. संवादातले शब्द कळत नसताना हा गृहस्थ सिनेमा कसा करत असेल? तो बघत असला पाहिजे. माणूस कसा उभा राहतो, कोण कोणापासून किती अंतरावर थांबतो, कोणाची मान खाली जाते आणि कोणाची जात नाही. आपल्या गावात विहिरीवर कोण कुठे उभे राहते हे आपण जन्मापासून पाहतो, म्हणूनच ते आपल्याला दिसेनासे होते. परक्याला ते पहिल्याच दिवशी दिसते. विर्शिंग यांच्या कॅमेऱ्याचेही तसेच. खिडकीतून जमिनीवर पडलेला उजेड, दिव्याने अर्धाच उजळलेला चेहरा, भिंतीवरची सावली यांतून ते गोष्ट सांगत. अंधारालाही बोलते करण्याची ही विद्या त्यांनी जर्मनीतून आणली आणि आपल्या सिनेमाला दिली.

परक्याची नजर कधी चुकतेही, बरं का. बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणाला पाहून, याचा जबडा काही नटाला शोभणारा नाही, असे ऑस्टेनसाहेबांनी सुनावले होते म्हणतात. तो तरुण म्हणजे अशोककुमार! पुढे काय झाले ते सारा देश जाणतो.

पण याहून मोठी चूक सांगायची राहिली. ज्या ऑस्टेन यांनी शिवाशिवीवर बोट ठेवणारा चित्रपट केला, तेच हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद होते. इथे कस्तुरीच्या दुःखाने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा माणूस, आणि तिकडे त्याच्याच देशात ज्यूंना वेगळे काढले जात होते, त्यांचे हक्क आणि धंदे हिरावले जात होते, ते करणाऱ्या पक्षाचा हा सभासद. दुसऱ्याच्या घरातले जळमट दिसते, स्वतःच्या घरातले दिसत नाही. मंडळी, हे मी मुद्दाम सांगतो आहे. कोणा परदेशी माणसाला आपले सिनेमे आवडतात, आपली गाणी आवडतात, एवढ्यावरून आपण हुरळून जातो. आवड चांगलीच. पण आवड म्हणजे काही चारित्र्याचा दाखला नव्हे.

त्याच सुमारास मुंबईत दुसरा एक पाहुणा राहत होता. त्याचे नाव वॉल्टर कॉफमन. मध्य युरोपातल्या कार्ल्सबाड गावचा हा ज्यू संगीतकार. नाझींची छाया पसरू लागली तेव्हा १९३४ मध्ये तो मुंबईला आला. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याने कित्येक वर्षे सांभाळला, काही हिंदी चित्रपटांनाही संगीत दिले. आकाशवाणीची सभा सुरू होताना जी धून वाजते, जी ऐकून आपल्या आजोबांनी पहाटे गोठ्यातला कंदील लावला, ती धून याच कॉफमन यांनी बांधली असे मानतात.

या माणसाने पुढे एक आठवण सांगितली, तिचा भावार्थ सांगतो. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काही म्हणता काही कळले नाही. सगळे विचित्र वाटले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यात काही अर्थ नाही, आणि तबकडी बंद केली असती. हा मात्र म्हणाला, ज्यांनी हे संगीत निर्माण केले ते बुद्धीचे आणि हृदयाचे लोक आहेत, लाखो माणसांना ते प्रिय आहे. तेव्हा उणीव संगीतात नसून माझ्यातच असली पाहिजे. ती भरून काढायची तर जिथे हे संगीत जन्मले तिथेच गेले पाहिजे. पुढे बारा वर्षे तो इथे राहिला, शिकला, आणि १९६८ साली उत्तर हिंदुस्थानातल्या रागांवर त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छंद अभ्यासापर्यंत कसा जातो, ते इथे दिसते.

आणि विर्शिंग यांचे काय झाले? १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. सरकार इंग्रजांचे, आणि हे जर्मन. स्टुडिओतून त्यांना उचलून नजरकैदेत टाकले. ऑस्टेन वयस्कर, ते सुटून मायदेशी परतले. विर्शिंग यांची मात्र युद्धाची वर्षे तारांच्या कुंपणाआड गेली. सुटल्यावर त्यांनी काय करावे? ते पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले. १९४९ सालच्या ‘महल’मधले ते धुके, तो झोपाळा, त्या सावल्या ही विर्शिंग यांची करामत. ‘पाकीझा’चे चित्रण चालू असताना १९६७ मध्ये मुंबईतच त्यांचा देह पडला. चित्रपट पडद्यावर आला १९७२ साली. मालाडच्या दिवसांत त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रे त्यांच्या कुटुंबाने जपून ठेवली, आणि २०१७ मध्ये गोव्यात त्यांचे प्रदर्शनही भरले. बावीस वर्षांचा पाहुणा आला होता, तो घरचाच होऊन गेला.

हे झाले इथे येऊन राहिलेल्यांचे. ज्यांनी आपला देश पाहिलाच नाही त्यांचे काय? पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांमध्ये त्याचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना देहू कुठे आणि इंद्रायणी कुठे, काय ठाऊक? पण एक विसरू नका. व्हेनिसने मान डोलावण्यापूर्वीच आपल्या शेतकऱ्यांनी, वारकऱ्यांनी, बायाबापड्यांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला होता. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडत. खेड्यातल्या माणसाला चांगले ओळखायला परदेशाचा शिक्का लागला नव्हता.

दुसरे उदाहरण ‘आवारा’चे. राज कपूर यांचा हा चित्रपट १९५१ सालचा. १९५४ मध्ये तो सोव्हिएत देशात लागला आणि तिथे त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. संवाद रशियन भाषेत केले होते, गाणी मात्र हिंदीतच होती, आणि तीच गाणी लोक अर्थ कळो न कळो, गुणगुणत होते. महायुद्धात त्या देशाची दोन कोटींहून अधिक माणसे मेली होती. घरोघर बाप हरवलेली मुले होती. बापाने टाकलेल्या पोराची गोष्ट त्यांना परकी वाटली नसणार.

आणि याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १९५२ पासून आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झाले होते. हलके संगीत, त्याने अभिरुची बिघडते, असे ठरवणाऱ्यांचे मत. हेतू वाईट नव्हता, शास्त्रीय संगीताला त्यामुळे मोठा आधारही मिळाला. पण लोक कुठे गेले? रेडिओचा काटा फिरवून सिलोन ऐकू लागले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि आपलीच गाणी आपल्या घरी परत आली. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे.

आता गुरुजनहो, थोडे तुमच्याशी. वर्गातले एखादे पोर पाढा विसरते, पण सिनेमाचे गाणे कडव्यांसकट म्हणते. आपल्याला राग येतो. ‘एवढे बरे पाठ होते रे!’ असे आपण बोलून जातो. मीही बोललो आहे. पण क्षणभर असे समजा, की ते पोर म्हणजे सिनेमाच्या मुलखात नव्याने उतरलेला एक पाहुणा आहे. त्याला जे दिसले त्याचा त्याला आनंद झाला आहे, आणि तो आनंद कोणाला तरी सांगायचा आहे. त्याला गप्प केले तर आनंद संपणार नाही, फक्त तो आपल्याला सांगायचे सोडून देईल.

त्यापेक्षा एक साधा प्रयोग करून पाहा. शाळेत पडदा असो वा एखादा लहानसा संच, एखाद्या चांगल्या चित्रपटाची दहा मिनिटे आवाज बंद करून दाखवा. मग विचारा, काय काय दिसले? कोण कोणाला घाबरते? घर श्रीमंताचे की गरिबाचे, कशावरून? उजेड कुठून येतो? ऑस्टेन आणि विर्शिंग ज्या नजरेने आपले खेडे पाहत होते, ती नजर मुलांना अशी उसनी मिळेल. मुले जे सांगतील ते ऐकून तुम्हीच चकित व्हाल. मग आवाज लावा, पुन्हा तेच दाखवा, आणि बेधडक विचारा, यात खोटे काय वाटले? आपल्या गावात असे घडते का? आवड आणि पारख एकाच वर्गात शेजारी बसू शकतात.

आणि शेतात राबणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी थोरांना जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवत असेल. जमिनीवर पोते अंथरून, पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडेही बसून आपण तो पाहिला. त्याची लाज वाटून घेऊ नका. कोणी साहेब येऊन वाखाणील तेव्हाच तो मोठा, असेही मानू नका. पाहुण्याचे कौतुक गोड मानून घ्यावे. पण त्याच्याकडून घ्यायचे ते दुसरेच. एखादी गोष्ट कळली नाही तर ती टाकाऊ, असे म्हणण्याआधी कॉफमनसारखे स्वतःला विचारावे, उणीव माझ्यात तर नाही? शेजाऱ्याचे भजन, पलीकडच्या वस्तीतली लग्नातली वाजंत्री, पोरांचे नवे गाणे, सगळ्यांसाठी हाच प्रश्न. तेवढे विचारणे जमले, तर मालाडच्या स्टुडिओत जे ऑस्टेनला साधले नाही ते आपल्याला साधेल. पडद्यावरच्या कस्तुरीसाठी डोळे पुसून झाले, की आपण आपल्या गावच्या विहिरीकडेही पाहू.