गारठ्यातली पद्मिनी

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा १० अंशांखाली गेला, की जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी अडून बसते. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून चोक पूर्ण ओढा आणि इंजिन तापेल तसा हळूहळू आत ढकला. अ‍ॅक्सिलरेटर सारखा दाबू नका, प्लग ओले होतात. पेट्रोलचा वास आलाच, तर चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

तापल्यावरही गाडी झटके देतेय? प्लग काढून बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरका प्लग म्हणजे कमी, बहुधा जेटमध्ये कचरा. कार्बोरेटरचा स्क्रू पिळण्याआधी डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट मात्र साफ कराच. बरीच दुखणी तिथेच असतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही तपासून घ्या.