मूळ गाव कोणतं?

(शताब्दी सोहळ्याच्या सांगतेला, काल्याच्या कीर्तनाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिंडीचे मालक, विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी-पखवाजी मंडळी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या सगळ्या माउली आणि गावोगावहून आलेले पाहुणे. मी कीर्तनकार नाही. शाळेत पोरं शिकवली, मोडी थोडीफार वाचता येते आणि पावलं साथ देतात तोवर वारी चालतो. स्मरणिकेसाठी दिंडीच्या जुन्या वह्या चाळायचं काम समितीनं माझ्याकडं दिलं. त्यातून जे हाती लागलं त्यातलं एकाच घराचं सांगतो. घरच्यांच्या इच्छेनं नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील, पण बोलू नये ही विनंती.

दिंडीच्या वह्या म्हणजे काय? भिशीचा हिशेब, पंगत कुणाची, शिधा किती, वर्गणी किती आणि पुढं गाव. हा गावाचा रकाना वाचत गेलं की माणसं सरकताना दिसतात. पहिल्या वहीत एका घरापुढं आपलं गाव लिहिलंय. पुढच्या पिढीच्या नावापुढं ‘हल्ली मुक्काम परळ’. नंतर ठाणे, कल्याण. आपला माणदेशच तसा. माणगंगा पूर्वेला जाऊन भीमेला मिळते, म्हणजे आपलं असेल नसेल ते पाणी पंढरीच्या अंगाला जातं, आणि माणसं पोटासाठी मावळतीला. काही गलाईच्या धंद्यानं मुलूखभर पांगली, ते वेगळं. पण बहुतेकांचं तोंड मुंबईकडं.

त्याच्याही आधीचं काय, हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. हेळवी येतो तेव्हा सांगतो की तुम्ही मंगळवेढ्याकडून आलात. तरुण मंडळींनी हेळवी पाहिला नसेल. तो बैल घेऊन यायचा, पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा, नवी जन्मलेली पोरं लिहून घ्यायचा आणि धान्य, कापड घेऊन पुढच्या गावी जायचा. माझा अनुभव असा की हेळवी प्रत्येक कुळाला कुठल्या ना कुठल्या राजाशी नेऊन जोडतो. तेवढं सोडून द्यावं. पण कुठून उठले, कुठं थांबले, कुणाची सोयरीक कुठली, हे मात्र तो सहसा उगाच सांगत नाही. त्याच्या पोटाचा धंदाच तो आहे.

तर काही वर्षांपूर्वी आपल्या गावात एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. मॉरिशसहून. मुलगी मराठी बोलत होती, पण पुस्तकातली. तिकडं शाळेत मराठी शिकवतात, तिथं ती शिकलेली. बापलेक आपसात बोलायचे ते त्यांच्या क्रिओल भाषेत. हातात एका नोंदीचा उतारा होता आणि एकच प्रश्न, हे गाव तेच का?

ते बेट आपल्या म्हाताऱ्यांना नवं नाही. ‘मोरस साखर’ हा शब्द ऐकलेले इथं कुणीतरी असतील. ती मोरस म्हणजे मॉरिशस. तिथल्या उसाच्या मळ्यांत आधी गुलाम राबत. 1835 साली तिथली गुलामी कायद्यानं संपली, आणि मळेवाल्यांनी त्याआधीच, 1834 पासून, हिंदुस्थानातून करारानं मजूर न्यायला सुरुवात केली होती. करार पाच वर्षांचा, सुरुवातीला पगार महिना 5 रुपये आणि वर शिधा-कपडा. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. सगळ्यात जास्त बिहारकडची कलकत्त्याहून, मग मद्रासची. मुंबईहून गेलेली त्या मानानं थोडी. त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडचे बरेच, आणि घाटावरचे, साताऱ्याकडचेही होते. तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपला आहे. 2006 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा मानलं. उतरल्यावर चढायच्या सोळा पायऱ्या तिथं आहेत. ती मुलगी म्हणाली, “काका, माझे आजोबा त्या पायऱ्यांवर चप्पल घालून जात नसत.”

उतरणाऱ्या प्रत्येकाला सरकारनं नंबर दिला. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला, सगळं रजिस्टरात. पुढं पुढं तर फोटोही काढले. ही रजिस्टरं तिथं मोका गावी महात्मा गांधी संस्थेत ठेवली आहेत आणि वंशज जाऊन उतारा मागतात. माणसाला नंबर लावला, हे वाचताना वाईट वाटतं. पण त्या नंबरामुळंच दीडशे वर्षांनी माणूस सापडतो, हेही खरं आहे.

अडचण नावांची. लिहिणारा साहेब किंवा त्याचा कारकून. आपण ‘विठू’ म्हणावं आणि त्यानं त्याच्या कानाला आलं तसं टिपावं. आडनाव कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मग आजोबाचं पाळण्यातलं नाव तेच नातवंडांचं आडनाव झालं. गावाचंही तेच. या उताऱ्यातलं गाव वाचलं तर आपल्या पट्ट्यातल्या तीन वाड्यांना ते लागू पडत होतं.

मी त्या गृहस्थांना विचारलं, “घरात देव कुठला?” तर म्हणाले, गणपती. तिकडं गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. मी म्हटलं, “तो सगळ्यांचाच. त्याच्या आधी, दिवा लावताना कुणाचं नाव घेता?” बापलेक एकमेकांकडं बघायला लागले. मग तो गृहस्थ जरा संकोचून म्हणाला, त्याची आजी दिवा लावताना एक शब्द म्हणायची, अर्थ कुणालाच माहीत नाही, पण घरात अजून म्हणतात. ‘शिद्नात चांगबल’.

माउलीहो, मी खाली बसलो. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं! म्हसवडचा नाथ, खरसुंडीचा नाथ. देवाचं नाव मोडलं, अर्थ गेला, पण पाच-सहा पिढ्या दिवा लावताना तोंडातून तेच निघालं. तीनपैकी एका वाडीचं कुलदैवत जोतिबा, ती गळाली. राहिल्या दोन. त्यातली एक तेव्हा दुसऱ्या संस्थानात होती, सातारा जिल्ह्यात नव्हती. उताऱ्यात जिल्हा सातारा. तीही गळाली.

गाव ठरलं, पण घर? तलाठ्याकडं जाऊन उपयोग नव्हता. सातबारा तेवढा मागं जात नाही. कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, अलीकडं दाखल्यासाठी सगळेच धुंडाळतात, पण आपल्याकडं हाती आलं ते या माणसाच्या गेल्यानंतरचं. आणि मी चौकशी करतोय म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. ‘जमिनीत वाटा मागायला आलेत.’ ज्या घरावर माझा संशय होता त्या घरानं तर दारच लावून घेतलं. त्यांना दोष देत नाही. कोरडवाहू का होईना, तीन एकरांवर चार भाऊ बसलेत, त्यात परदेशी पाहुणा फाइल घेऊन आला की माणूस घाबरणारच. ते बापलेक मुंबईला परत गेले, तिथून मायदेशी. मला फार लागलं ते.

पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी गेलो, तेव्हा आपल्या भागाचे तीर्थोपाध्ये गाठले. या लोकांकडच्या वह्या हे मोठं धन आहे. गाववार, आडनाववार लावलेल्या. यात्रेकरू आला की बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलं सगळं सांगायचा आणि खाली सही किंवा खूण करायचा. पुढं त्याचा नातू आला की जुनं वाचून दाखवत आणि नवं जोडत. जुनी पानं मोडीत, अलीकडची बाळबोध. गुरुजींनी वही काढली, मी वाचायला बसलो. दुष्काळाआधीची नोंद, म्हणजे 1876 च्या आधीची. थोरल्या भावानं लिहवलेली. बापाचं नाव उताऱ्यातल्या नावाशी जुळत होतं. खाली भावांची नावं. आणि धाकट्याच्या नावापुढं चारच शब्द, ‘मुंबईहून मोरसास गेला असे’.

मी ते पान तीनदा वाचलं. मोडीत ‘मोरस’ला दुसरं काही वाचतोय का म्हणून गुरुजींनाही वाचायला लावलं. तेच निघालं.

गावी आलो आणि त्या घरच्या थोरल्या आजींना भेटलो. घरच्या पुरुषांना बाजूला ठेवून सरळ आजींनाच सांगितलं. आजी म्हणाल्या, “गुरुजी, आमच्यात सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढत्यात. सासू सांगायची, ह्ये गेलेल्याचं पान. कोन गेला, कुठं गेला, तिला बी ठावं नव्हतं. मी बी वाढती.” ज्याच्या मरणाची तिथी कळली नाही त्याला सर्वपित्री अमावास्येला वाढतात, हे तुम्हाला माहीत आहे. दीडशे वर्षं त्या घरात धाकट्याचं पान वाढलं जात होतं. नाव विसरलं, पान विसरलं नाही. मग आजींनी मला विचारलं, “त्याला लेकरं किती झाली?” मी म्हटलं, आजी, उताऱ्यावर दोन मुलगे दिसतात, आता पोरंसोरं धरून चाळीस-पन्नास माणसं आहेत. आजींनी पदर डोळ्याला लावला आणि पोराला हाक मारली, “त्यास्नी फोन लाव.”

जमिनीचा विषय पाहुण्यांनीच मिटवला. न विचारता लिहून दिलं की आम्हाला वाटा नको, दिवा लावताना कुठल्या दिशेला तोंड करायचं एवढंच सांगा. माझं मत विचाराल तर असं लिहून घ्यायला नको होतं. पण घरातल्यांना त्याशिवाय झोप आली नसती.

आता जो थोरला इथंच राहिला, त्याच्या वंशाचं काय झालं, तेही वह्यांतून कळतं. 1876 ते 78 च्या दुष्काळात गुरं गेली. घरातले काही म्हसवडजवळच्या तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. राजेवाडीचा तलाव त्या दुष्काळी कामातलाच. एकजण मुंबईला गेला. तिथं 1856 मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली होती आणि नंतर परळ-लालबागला गिरण्यांची रांगच लागली. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले, पाळीप्रमाणं झोपायचे, खानावळवाली बाई जेवण घालायची. पेरणीला आणि आषाढीला रजा. आपल्या दिंडीचा पहिला पखवाज त्या खोलीतल्या वर्गणीतून आला, असं वहीत नोंदलंय. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्या खोलीचीही वाताहत झाली. काही गावी परतले, काही कल्याणपुढं सरकले. त्या चार-पाच वर्षांत आपल्या वहीत मुंबईची वर्गणी जवळजवळ नाहीच.

एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून बोलतो. धाकटा मोरसला गेला तो ऊस तोडायला. तिकडं मुकादमाला ‘सरदार’ म्हणत. आज बीडकडची माणसं दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता, मावळतीलाच येतात, आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या फडांवर. उन्हाळ्यात परत जातात. कोपीत पोर जन्मतं. त्याचं नाव कुठल्या गावच्या रजिस्टरात लागतं, लागतं की नाही, कोण बघतं? शंभर वर्षांनी त्याचा पणतू गाव शोधत निघाला तर त्याच्या हाती काय असेल? मोरसच्या मळेवाल्यानं निदान नंबर तरी लिहून ठेवला होता. यंदापासून दिंडीच्या वहीत आपण एक नवा रकाना घालतोय. वाटेत जे फडकरी आपल्याबरोबर चार मुक्काम चालतात, भिशीत जेवतात, त्यांचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेर आणि मूळ गाव. समितीनं मान्यता दिली आहे. काहीजणांनी विचारलं, ते आपल्या दिंडीचे नव्हेत, मग कशाला? आपल्या पंगतीला जेवला तो आपल्या वहीत, एवढंच उत्तर मी दिलं.

शेवटी कामाचं. ज्यांच्या घरी जुने कागद असतील, मोडीतले असोत, लग्नपत्रिका असोत, गिरणीचा पास असो, परळच्या खोलीच्या भाड्याची पावती असो, ते आणून दाखवा. मी फोटो काढून कागद तिथल्या तिथं परत देईन, कुणाचा कागद ठेवून घेणार नाही. कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्यानं शाई जाते. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांची आई, आजी, आत्या कुठल्या गावच्या, हे आजच विचारून घ्या. बायकांची माहेरं कुणी लिहून ठेवत नाही आणि शोध तिथंच अडतो.

पाहुणे यंदा लोणंदला येऊन मिळतील, पंढरपूरपर्यंत चालतील. सहा माणसं आहेत. त्यांना दशमीचं जेवण कुणाकडं, ते आजींच्या घरानं आधीच ठरवलंय, तेव्हा बाकीच्यांनी आग्रह करू नये. वही लोणंदच्या मुक्कामापासून माझ्या राहुटीत असेल.

रामकृष्ण हरी.