डॉक्टर होण्याआधीचं कॉलेज



अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत एप्रिल महिना तणावाचा जातो. बारावीतल्या मुलाला चार-पाच कॉलेजांत प्रवेश मिळालेला असतो, १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा असतो, आणि त्याला व्हायचं असतं डॉक्टर. आपण बारावीनंतर थेट एमबीबीएस पाहिलेली माणसं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, त्यानंतर रेसिडेन्सी. या अनोळखी वाटेवर आईवडील सगळ्यांत मोठ्या नावाचं बोट धरतात. मला हे बरोबर वाटत नाही.

मेडिकल स्कूलच्या अर्जात पदवीचे सगळे गुण पाहतात. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात. एमकॅट परीक्षा असते, तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात. शिवाय रुग्णांच्या सहवासात केलेलं काम आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं. पदवीचा विषय मात्र कुठलाही चालतो. विज्ञानाचे आवश्यक अभ्यासक्रम प्रयोगशाळेसह पूर्ण केले, तर इतिहासाची विद्यार्थिनीही अर्ज करू शकते.

आता विचार करा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या शेकडो मुलांच्या वर्गात, जिथे प्राध्यापकांना नावही ठाऊक नाही, तिथे मनापासून लिहिलेलं पत्र कसं मिळणार? छोट्या कॉलेजात मात्र प्राध्यापक मुलाला प्रयोगशाळेत शेजारी उभं करून शिकवतात.

काही कॉलेजं सांगतात, 'आमच्या ९० टक्के अर्जदारांना मेडिकलला प्रवेश मिळतो.' हा आकडा ऐकून भारावून जाऊ नका. काही ठिकाणी कॉलेजची समिती विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र देते, आणि कमी गुणांच्या मुलांना ते देतच नाही. अशी मुलं बहुधा अर्जच करत नाहीत, मग टक्केवारी उंच राहणारच. म्हणून थेट विचारा: पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणून किती जण आले होते, आणि त्यांतल्या किती जणांनी शेवटी अर्ज केला? आकडे द्यायला टाळाटाळ झाली, तर तेही लक्षात ठेवा.

पैशाचं तर स्पष्टच बोलायला हवं. कर्ज काढून मेडिकल शिकलेल्यांवर शेवटी सरासरी दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. त्याच्या आधी पदवीचं कर्ज कशाला? आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ रहिवाशांना स्वस्त पडतं, आणि बहुतेक सरकारी मेडिकल स्कूलं स्थानिकांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलांच्या निदान ९० टक्के जागा तिथल्याच रहिवाशांसाठी असतात.

आणि एक. अठराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं ठरवलेली कितीतरी मुलं विसाव्या वर्षी दुसऱ्याच विषयात रमतात. तो विषयही जिथे चांगला शिकवतात, असं कॉलेज निवडा. मुलाला घेऊन तिथे जा, एका वर्गात मागच्या बाकावर बसा, आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या.