इथेनॉलवर ट्रक चालेल काय?

(सिंदी मेघे येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना तो कारखानदारांचा वाटेल. प्रत्यक्षात तो आपल्या घरातला आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल मोटारीवर पेटते. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी क्लीनर, कोणी गॅरेजात पंप-नोझलचे काम करतो, तर कोणी कर्ज काढून एकच ट्रक घेतला आहे आणि त्याच्या हप्त्यावर सारे कुटुंब उभे आहे. अशा माणसाला उद्या कोणी सांगितले की, "डिझेल सोडा, इथेनॉल भरा, स्वस्तात पडेल," तर त्याने काय उत्तर द्यावे? एवढ्याच प्रश्नाचा विचार आज तुमच्याबरोबर करायचा आहे.

प्रथम एक शंका दूर करू. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि आपला वर्धा जिल्हा तर गेली पन्नास वर्षे दारूबंदीचा. मग हे काय? इंधनाचे इथेनॉल जवळजवळ पाणीविरहित असते आणि ते पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम पदार्थ मिसळलेले असतात. ते प्राशन करणे म्हणजे विष घेणे. धर्माच्या अंगाने ज्यांना अधिक खुलासा हवा, त्यांनी आलिमांना विचारावे. तो माझा अधिकार नव्हे. मी फक्त इंजिनापुरते बोलतो.

ही कल्पना वर्ध्याला नवी नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ येथे मगनवाडीत स्थापन झाला. तेथे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार करण्यात आला. जमिनीखालचा साठा एक दिवस संपणार आणि शेतात उगवणारे दरसाल पुन्हा येणार, हा भेद जे. सी. कुमारप्पांनी मांडला. आज आपला देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. तेव्हा शेतातले इंधन हवे, ही इच्छा योग्यच आहे. प्रश्न असा की, ते कोणत्या इंजिनात घालायचे?

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सोळा-सतरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेट घेते. इंधनाच्या या आपोआप पेटण्याच्या गुणाला सीटेन अंक म्हणतात. डिझेलचा हा अंक पन्नासच्या आसपास असतो, इथेनॉलचा दहाच्याही खाली. म्हणजे चालू डिझेल ट्रकच्या टाकीत निव्वळ इथेनॉल ओतले, तर ते पेटणारच नाही.

मिसळून चालवावे, तर डिझेल आणि इथेनॉल यांचे नीट जमत नाही. थोडा ओलावा मिळाला की दोन्ही वेगळे होतात. शिवाय डिझेल हे स्वतःच पंपाचे आणि इंजेक्टरचे वंगण असते. इथेनॉलमध्ये तो गुण नाही, उलट ते काही रबरी भागांना आणि धातूंना खाते. २०२५ साली केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच सांगितले की, डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी झाला नाही आणि आता आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलचा विचार सुरू आहे. इथेनॉलचा त्यांच्याइतका आग्रही पुरस्कर्ता देशात दुसरा नाही. त्यांनीच हे म्हणावे, यात पुष्कळ आले.

मग इथेनॉलवर जड गाडी चालतच नाही काय? चालते. आपल्या शेजारी नागपुरातच ती चालली. ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनिया या स्वीडिश कंपनीची इथेनॉलवर धावणारी बस तेथे रस्त्यावर आली. तिचे इंधन ९५ टक्के इथेनॉल आणि उरलेले ज्वलनास मदत करणारे द्रव्य असे होते. इंजिनही खास, हवा अठ्ठावीस पट दाबणारे. काळा धूर नाही, काजळी नाही. पुढे अशा बसगाड्यांचा ताफा आला. पण २०१८ साली ती सेवा बंद पडली. इंजिन चालत नव्हते म्हणून नव्हे. करार, देणी आणि व्यवस्था यांचे गणित बसले नाही म्हणून. यातून घ्यायचा धडा असा की, यंत्र चालणे ही एक गोष्ट आणि व्यवहार चालणे ही दुसरी.

बसचा ताफा रोज संध्याकाळी एकाच आगारात परत येतो. तेथे एक टाकी बांधली की काम झाले. आपला ट्रक आज वर्ध्याचा कापूस घेऊन निघाला, तर परवा कोठे असेल, हे मालकालाही सांगता येत नाही. वाटेत शंभर ठिकाणी डिझेल मिळेल. निव्वळ इथेनॉल आणि त्यातले ते खास द्रव्य कोठे मिळणार? गाडी आडगावी बिघडली, तर त्या इंजिनाचा सुटा भाग आणि तो बसवणारा मिस्त्री कोठे शोधायचा?

आता पैशाचा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावा. एक लिटर डिझेलमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढीसाठी सुमारे १.७ लिटर इथेनॉल लागते. आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. आपण ७०० धरू. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असे मानले, तर डिझेल लागेल १७५ लिटर. दर ९० रुपये धरला, तर खर्च १५,७५० रुपये. इथेनॉल लागेल सुमारे २९८ लिटर. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांचा खरेदीदर बी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ६०.७३ रुपये, तर मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये होता. म्हणजे पहिल्याचे १८,००० रुपयांच्या वर आणि दुसऱ्याचे २१,००० च्या वर. यात वाहतूक, कर, पंपाचे कमिशन आणि ते खास द्रव्य अजून धरलेलेच नाही. उलट डिझेलच्या ९० रुपयांत सरकारचे सगळे कर आलेले आहेत. लिटरचा भाव स्वस्त दिसतो, किलोमीटरचा भाव महाग पडतो. फसगत होते ती येथे.

ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या देशाने १९७५ साली अल्कोहोलची योजना सुरू केली आणि आज तेथील मोटारी सर्रास इथेनॉलवर धावतात. परंतु त्याच देशातील ट्रक मुख्यतः डिझेलवरच धावतात. उसाचा महासागर असलेल्या देशाने पन्नास वर्षांत जे केले नाही, ते एका ट्रकच्या मालकाने स्वतःच्या जोखमीवर का करावे?

याचा अर्थ इथेनॉल निरुपयोगी असा मुळीच नाही. त्याची जागा ठिणगीच्या इंजिनात आहे. २०१४ साली देशाच्या पेट्रोलमध्ये ते दीड टक्का होते, २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, तशी पेट्रोलवरची लहान मालगाडी असेल, तर तुम्ही आजच इथेनॉलवर काही अंशी चालत आहात. तेथे इंधनाच्या नळ्या, सील, टाकीतले पाणी यांकडे लक्ष द्यावे आणि मायलेज थोडे उतरेल हे धरून चालावे.

कच्च्या मालाचाही विचार हवा. एका टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. पण ऊस पाणी फार पितो आणि आपला मुलूख कापूस-सोयाबीनचा. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली, २०२४ मध्ये ती उठली. अशा पायावर लांब पल्ल्याचा धंदा उभारणे कठीण. आपल्याकडे आहे ती पऱ्हाटी. पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला आहे. पऱ्हाटीतला चिवटपणा स्वस्तात फोडता आला, तर विदर्भाच्या शेतकऱ्याला नवा पैसा मिळेल. हे काम रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींची वाट पाहत आहे.

गॅरेजातल्या मुलांना एक ताकीद. डिझेलच्या वाफा सहसा साध्या हवेत पेट घेत नाहीत. इथेनॉलच्या वाफा १५ अंशांच्या आसपासही पेट घेतात, आणि आपला उन्हाळा ४५ अंशांचा. त्याची ज्वाला फिकट निळी असते, भर उन्हात दिसतही नाही. वेल्डिंग आणि विडी, दोन्ही दूर ठेवा.

तेव्हा माझे उत्तर असे: आजच्या रोजच्या ट्रकसाठी इथेनॉल व्यवहार्य नाही. एका ठिकाणाहून सुटून तेथेच परतणाऱ्या, खास इंजिनाच्या ताफ्यासाठी ते शक्य आहे. पेट्रोल गाड्यांसाठी ते आलेलेच आहे. उद्या इंजिने बदलतील, दर बदलतील आणि उत्तरही बदलेल. पण विचारायचा प्रश्न बदलणार नाही: किलोमीटरमागे किती पडते, वाटेत कोठे मिळते आणि बिघडले तर कोण दुरुस्त करतो?

पालकांना एवढेच सांगतो. तुमचा मुलगा हातात पाना धरतो याची लाज बाळगू नका. परंतु त्याच्या दुसऱ्या हातात पुस्तक असू द्या, आणि मुलीच्याही. हुनरला इल्मची जोड मिळाली, तर नवे इंधन आले म्हणून आपले गॅरेज बंद पडणार नाही. ते नवे इंजिन प्रथम उघडणारा मिस्त्री आपल्याच शाळेतून निघावा, ही दुआ करतो आणि आपली रजा घेतो.