उजेड आपल्या दारात, जागरण शेजारणीला

मी तळेगाव (श्यामजी पंत) इथून बोलते आहे. बचत गटाच्या कामात कर्ज आणि हप्ते हे विषय रोजचेच. आज मात्र दारातल्या दिव्याबद्दल बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून रात्री शेळ्या चोरीला गेल्या. भीतीपोटी मी गोठ्याच्या भिंतीवर ५० वॅटचा एलईडी फोकस लावला. अंगणात पडलेली सुई दिसावी असा पांढराफटक उजेड! मी निर्धास्त झोपू लागले. समोरच्या मावशी मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मीटिंगला यायच्या, पैसे भरायच्या आणि निघून जायच्या. मला वाटलं, कर्ज उशिरा मिळालं म्हणून रागावल्या असतील.

उन्हाळ्यात त्यांच्या सुनेनं सांगितलं, "ताई, आमच्या आंगनात आता रात्रच होत नाही. सासूबाईनं खाट आत नेली. आत जीव उकडते त्यायचा. पहाटे न्हाणीत जायचं तरी आमाले लाज वाटते. पण तुमाले कसं सांगाव? तुम्ही गटाच्या ताई."

त्या रात्री मी मावशींच्या अंगणात जाऊन उभी राहिले. फोकस थेट डोळ्यांत येत होता. आणखी एक गोष्ट कळली. डोळे दिपल्यामुळे माझ्या गोठ्यामागचं काहीच दिसत नव्हतं. चोर तिथे उभा असता तरी कळलं नसतं. म्हणजे मावशींची झोप गेली आणि माझी राखणही झाली नाही.

अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि झोप येते. डोळ्यांवर उजेड असला, त्यातही निळसर पांढरा, की ते कमी होतं. पिकालाही रात्र लागते. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वावर पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं, कारण लांब रात्र मिळाल्याशिवाय त्याला वेळेवर फुलं येत नाहीत.

आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणारी जागा. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत. उजेड खाली रस्त्यावरच पडेल असे दिवे बसवले.

मीही तेच केलं. फोकस काढला. ९ वॅटचा पिवळसर बल्ब लावला, त्याचं तोंड जमिनीकडे केलं आणि मावशींच्या बाजूला पत्र्याचा आडोसा दिला. पिवळ्या उजेडावर किडेही कमी येतात. रात्रभर दहा तास फोकस जळला की महिन्याला १५ युनिट जायचे. आता तीनसुद्धा जात नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा घ्यावा. तो एकदम लागला की घरातल्यांनाही जाग येते.

दिवे नकोत, असं मी म्हणत नाही. संडासाच्या वाटेवर, बस थांब्यावर, पाण्याच्या नळाजवळ उजेड हवाच. आपल्या पोरीबाळी त्या वाटेनं येतात. पण तो वाटेवर हवा, कुणाच्या खिडकीत नको. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. कोणत्या वाटेवर अंधार आहे आणि कोणत्या खांबाचा उजेड कुणाच्या घरात शिरतो, हे दोन्ही तिथे सांगा आणि ठरावात लिहून घ्या.

मावशी आता पुन्हा अंगणात खाट टाकतात. मी माफी मागितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोरी, मीच आधी सांगाले पाह्यजे होतं."

म्हणून आज रात्री एक काम करा. आपला दिवा लावा आणि शेजारणीच्या दारात जाऊन उभ्या राहा. तिथून बल्ब डोळ्यांत येत असेल, तर उद्या सकाळी त्याचं तोंड खाली करा. ती सांगेल याची वाट पाहू नका.