दाण्याचे दूध, खनिजाचे विरजण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लातूर-नांदेडकडच्या शिवारांत आज सोयाबीन हे मोठे पीक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘एमएयूएस ७१’ हा वाण पुष्कळजणींच्या कानांवरून गेला असेल. ह्या दाण्यात शेकडा ४० च्या आसपास प्रथिने आणि २० च्या आसपास तेल असते. तेल आपण विकत आणतो. प्रथिनांची पेंड मात्र बहुतेक कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. घरात वाढती मुले आणि लेकुरवाळ्या सुना असताना हा व्यवहार तोट्याचा नव्हे काय?

उपाय चुलीपाशीच आहे. दाणे रात्रभर भिजवावे, सकाळी पाणी घालून वाटावे आणि फडक्यातून गाळावे. निघालेले दूध दहा मिनिटे तरी उकळावे. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा अंश असतो, तो उष्णतेने निकामी होतो. दूध खाली उतरवून जरा निवले, की किलोभर दाण्यांमागे सुमारे २५ ग्रॅम खाण्याच्या प्रतीचे जिप्सम पाण्यात कालवून घालावे व हलक्या हाताने ढवळावे. बांधकामाचे जिप्सम कदापि वापरू नये. थोड्याच वेळात दूध धरते. ते फडक्यात बांधून वजनाखाली ठेवले, की सोयापनीर तयार.

हे घडते कसे? उकळल्याने प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, परंतु सारख्याच विद्युद्भारामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात. जिप्सममधले कॅल्शियम विरुद्ध भाराचे. ते दोघींचे हात जुळवते. जाळे विणले जाते, त्यात पाणी अडकते. ह्यालाच जेल म्हणतात.

शास्त्रज्ञ आणखी पुढे गेले आहेत. स्पेनमध्ये माद्रिदजवळ सेपिओलाइट नावाची तंतुमय माती सापडते. तिचा तंतू केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक. जिलेटिनसारख्या प्रथिनात असे तंतू मिसळले, की ते अधिक बळकट होते. माळवदाच्या भिंतीला गिलावा करताना मातीत भूस कालवतात, तीच ही युक्ती. आपल्या हाडांतही निसर्गाने प्रथिनांच्या धाग्यांत खनिजाचे सूक्ष्म कण बसवले आहेत. म्हणूनच हाडांच्या दुरुस्तीसाठी अशा मिश्रणांचा अभ्यास चालू आहे.

ते काम प्रयोगशाळांचे. आपले काम सोपे आहे: रास विकण्यापूर्वी दोन पायल्या घरासाठी काढून ठेवाव्या. आपल्या रानातला दाणा आधी आपल्या लेकरांच्या ताटात पडावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.