‘एन्. ए.’ : दोन अक्षरें, तीन अर्थ

परभाषेंतला शब्द फार दिवस पाहुणा राहत नाहीं. तो हळूहळू घरच्या रीती उचलतो, आणि कांहीं वेळां घरच्यांनाच नवा व्यवहार शिकवतो. ‘एन्. ए.’ हीं दोन इंग्रजी अक्षरें घ्या.

शाळेच्या किंवा बँकेच्या छापील अर्जांत एखादा रकाना आपणांस लागू नसला, म्हणजे तेथें सुशिक्षित मनुष्य ‘एन्. ए.’ लिहितो. आंकड्यांच्या कोष्टकांत तींच अक्षरें ‘माहिती उपलब्ध नाहीं’ असें सांगतात. पण मुळशी तालुक्यांतील मारुंजीस जावें, तर तिसराच अर्थ भेटतो. शेजारच्या हिंजवडीस आय्. टी. पार्क झाल्यापासून या गांवीं शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ‘जमीन एन्. ए. झाली’ हें वाक्य सर्वतोमुखी झालें. येथें मूळ शब्द ‘नॉन्-ॲग्रिकल्चरल’. सरकारी मराठींत ‘अकृषिक’, बोलण्यांत ‘बिगरशेती’.

इंग्रजींत हें नुसतें विशेषण. मराठीनें त्याला ‘करणें’ आणि ‘होणें’ हीं क्रियापदें जोडून त्याचा व्यवहार केला. तिन्ही अर्थांत नकारच आहे. परंतु अर्जांतला नकार उदासीन, कोष्टकांतला असमर्थ, तर जमिनीवरचा भाव वाढविणारा! सात-बाराच्या उताऱ्यांत सातवा नमुना जमीन कोणाची हें सांगतो, बारावा तींत काय पिकलें हें सांगतो. जमीन ‘एन्. ए.’ झाली, कीं बाराव्याला सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. आणि नेमकें तेव्हांच तिचें मोल चढतें.

पण शेती नव्हे, तर काय? हें तीं अक्षरें सांगत नाहींत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४४ व्या कलमानें बिगरशेती वापरासाठीं परवानगीची पद्धत घालून दिली. पुढें वेळोवेळीं फेरबदल होऊन ती वाट पुष्कळ सुलभ झाली. तथापि राहण्याचा वापर निराळा, व्यापाराचा निराळा, कारखान्याचा निराळा. शिवाय जमीन बिगरशेती ठरली, म्हणजे तिच्यावरील घराचा नकाशा मंजूर झाला, असें नव्हे. जाहिरातींत मात्र ‘एन्. ए. प्लॉट’ एवढेंच ठळक असतें. आणि ‘लवकरच एन्. ए. होणार’ हें तर निव्वळ भविष्यकथन!

तेव्हां निवृत्तीचा पैसा घेऊन प्लॉट पाहावयास निघालेल्या गृहस्थानें या दोन अक्षरांवर थांबूं नये. वापर कोणता, हुकूम कोणाचा, नकाशा कोणीं मंजूर केला, हें विचारून प्रत्यक्ष कागद पाहावे. विकणाऱ्या शेतकऱ्यानेंहि आपण कशावर सही करीत आहों, हें मराठींत समजावून घ्यावें. अर्जाच्या रकान्यांत न समजतां लिहिलेला शब्द खपून जातो. जमिनीच्या व्यवहारांत त्याची किंमत सबंध घराला मोजावी लागते.